बोल्ट कुठे भेटेल?

दिवाळीच्या पहिल्या दिवशी सकाळी घेतलेल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा घोडा दुपारच्या पानावर बसेपर्यंत मोडायचाच, असा एक नियम आहे. मग घरातला कर्ता पुरुष स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो, पिस्तूल उघडतो, आतली स्प्रिंग टुणकन उडून कपाटाखाली जाते, आणि चिरंजीवांचा सूर टिपेला पोचतो. बाजारात नवे पिस्तूल मिळते, स्प्रिंग मिळत नाही. मिक्सरचे तेच, भिंतीवरच्या घड्याळाचे तेच, आणि आजीच्या शिवणयंत्राचे तर विचारूच नका. या सदराकडे येणाऱ्या पत्रांत सुट्या भागांची पत्रे फार. कोणाला स्टोव्हचा बर्नर हवा असतो, कोणाला फोनोग्रामची सुई. आपण यथाशक्ति उत्तरे देतो.

या खेपेला मात्र बुलढाणा जिल्ह्यातून जे पत्र आले, त्याने आम्हाला खुर्चीत सावरून बसायला लावले. पत्रलेखक निवृत्त शिक्षक आहेत. घर खामगावास, शेती घाटाखाली, सातपुड्याच्या कडेला. (बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन संसार आहेत, हवा वेगळी, जमीन वेगळी, बोलण्याचा हेल वेगळा.) त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते, वायव्य सरहद्दीवर राहून आले. पुढे घरी एक जुनी लष्करी रायफल आली, तिचा रीतसर परवाना झाला, तो आजोबांकडून वडिलांकडे आला. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. मुलाने शहाणपणाने रायफल लगेच पोलीस ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. पावतीवर लेखनिकाने एक शेरा मारला आहे – ‘बोल्ट नाही.’

आता वारस म्हणून परवान्याचा अर्ज करायचा आहे. शेतात रानडुकरे मक्याचा चुथडा करतात. घरातल्या मंडळींना आजोबांची आठवण म्हणून रायफल हवी आहे. तेव्हा, मास्तर विचारतात, ‘हा बोल्ट कुठे भेटेल?’

वऱ्हाडात वस्तू मिळत नाही, भेटते. बाजारात भाजी भेटते, दुकानात साखर भेटते, नशिबात असेल तर नोकरी भेटते. पुण्याकडच्या मंडळींना हे ऐकून हसू येते; आम्हाला ते क्रियापद फार आवडते. शोधणारा आणि शोधलेली वस्तू दोघे समोरासमोर आल्याखेरीज काम होत नाही, हे त्यात आलेच. या प्रकरणात तर त्याचा फार उपयोग आहे, पण ते पुढे.

आधी बोल्ट म्हणजे काय ते पाहू, कारण आमच्या बहुतेक वाचकांनी रायफल पाहिली आहे ती प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात, नाही तर बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. रायफलीच्या उजव्या अंगाला गोल मुठीचा एक दांडा असतो. शिपाई तो वर करतो, मागे ओढतो, पुढे ढकलतो, खाली दाबतो. तो दांडा ज्या पोलादी कांबीला जोडलेला असतो ती कांब म्हणजे बोल्ट. वाड्याच्या दाराला आतून अडसर असतो ना, तसा हा नळीच्या मागच्या दाराचा अडसर. मागे ओढला की दार उघडते आणि रिकामे काडतूस बाहेर पडते; पुढे ढकलला की नवे काडतूस आत जाते; खाली दाबला की दार बंद. चाप ओढल्यावर काडतुसाच्या बुडावर टोचणारी टाचणीही त्याच्याच पोटात असते. म्हणजे नळी, लाकडी दस्ता, नेम धरायची माशी हे सगळे जागेवर असले आणि बोल्ट नसला, तर ती रायफल म्हणजे एक जड काठी.

मग दुसऱ्या एखाद्या रायफलीचा बोल्ट आणून का बसवू नये? मास्तरांचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर स्वयंपाकघरात आहे. आपल्या प्रेशर कुकरचे झाकण शेजारच्या काकूंच्या कुकरवर बसते का, ते पाहा. कंपनी एक, माप एक, तरी कधी बसते, कधी बसत नाही. कधी कधी बसल्यासारखे वाटते आणि शिट्टी व्हायच्या आधी कडेने फुसफुसू लागते. काकू गॅस बंद करतात, भात जरा कच्चा राहतो, एवढेच नुकसान. कुकरच्या आतला दाब असतो चौरस इंचाला सुमारे १५ पौंड. थ्री-नॉट-थ्री रायफलीत काडतूस उडते तेव्हा नळीच्या मागच्या खोलीत दाब असतो चौरस इंचाला सुमारे १८ टन. कुकरच्या अडीच हजार पटींहून अधिक! आणि त्या झाकणापासून वीतभर अंतरावर शिपायाचा उजवा डोळा असतो.

त्या १८ टनांना अडवून धरते ते काडतुसाचे पितळी टोपण आणि त्याच्या पाठीशी उभा असलेला बोल्ट. थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी एक कड असते. ती कड जिथे टेकते ती जागा आणि बोल्टचे तोंड यांमधले अंतर लष्करी मापाप्रमाणे ०.०६४ इंचापेक्षा कमी नसावे आणि ०.०७४ इंचापेक्षा जास्त नसावे. मधली सूट आहे इंचाचा शंभरावा भाग – सुमारे एका पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. अंतर कमी पडले तर बोल्ट मिटतच नाही. जास्त झाले तर बोल्ट झकास मिटतो, आणि घोटाळा तिथेच आहे. पितळेला मागे सरकायला जागा मिळते, ते ताणते, फाटते, आणि तापलेला वायू पुढे जायचा तो मागे येतो. बरे, पहिल्या बाराला तसे होईलच असे नाही. दहा बार व्यवस्थित जातील. अकराव्याला काय होईल ते कोणी सांगू शकत नाही.

तेव्हा सैन्यातले कारागीर – त्यांना आर्मोरर म्हणतात – बोल्ट नुसता घालून पाहत नसत. त्यांच्याकडे या अंतरासाठी पोलादी मापे असत. एका मापावर बोल्ट मिटलाच पाहिजे, दुसऱ्यावर मिटता कामा नये. शिवाय बोल्टला मागे दोन बाजूंना दोन कान असतात. ते खाचांत अडकून सगळा धक्का सोसतात. दोन्ही कान सारखे टेकले पाहिजेत. एकच टेकला तर सगळा भार त्याच्यावर, म्हणजे दोन बैलांच्या गाडीला एकच बैल. कान नीट टेकेपर्यंत आर्मोरर ते घासून जुळवीत असे, आणि मग रायफलीचा क्रमांक बोल्टच्या मुठीच्या मागच्या अंगावर ठोकीत असे. त्यानंतर तो बोल्ट त्या रायफलीचा. दुसऱ्या महायुद्धातल्या नव्या नमुन्याच्या रायफलीसाठी, तिला ‘नंबर फोर’ म्हणतात, बोल्टची डोकी शून्य ते तीन अशा चार मापांची निघाली, म्हणजे डोके बदलून अंतर जुळवता येई. आपल्याकडे इशापूरला मोठ्या संख्येने झाली ती मात्र जुनी, पहिल्या महायुद्धाच्या धाटणीची रायफल. तिच्या डोक्यांवर असले आकडे नसतात आणि नंबर फोरचा बोल्ट तिला चालत नाही. दोघींना लोक सरसकट थ्री-नॉट-थ्रीच म्हणतात. फसगत व्हायची ती इथे.

यात एक गंमत आहे. एकाचा भाग दुसऱ्याला बसावा, ही कल्पनाच मुळी बंदुकीच्या कारखान्यांत वाढली. पूर्वी प्रत्येक बंदूक हाताने घडायची; एकीचा स्क्रू दुसरीला बसत नसे. १८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. त्यात अमेरिकेच्या एका कारखान्याने अशा रायफली मांडल्या की त्यांचे भाग आपसांत बदलावेत आणि पुन्हा जुळवाव्यात. इंग्रज सरकार चकित झाले आणि त्याने अमेरिकेहून यंत्रे मागवून लंडनजवळच्या एन्फील्ड गावातल्या सरकारी कारखान्यात बसवली. तिथून ही विद्या घरोघर गेली. ज्या रेमिंग्टनच्या टंकलेखन यंत्रावर आपल्या दोन पिढ्यांनी नोकरीसाठी बोटे झिजवली, ती रेमिंग्टन मुळात बंदुका करणारी कंपनी. बी.एस.ए. ही सायकल आपल्या आजोबांच्या अभिमानाची. त्या तीन अक्षरांचा अर्थ बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे बर्मिंगहॅमची लहान हत्यारे. आणि कॉलेजातली मुले जिच्यावर फटफट करीत फिरतात त्या रॉयल एन्फील्डचे नावही त्या बंदुकीच्या कारखान्याला भाग पुरवण्याच्या कंत्राटावरून आले. सुट्या भागांची जी काही सोय आज आपल्या घरात आहे, तिचे माहेर बंदूक आहे. आणि त्याच बंदुकीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र एका रायफलीचा दुसरीला डोळे मिटून चालत नाही! ज्याने हा बोल्ट योजला तो जेम्स पॅरिस ली स्कॉटलंडात १८३१ साली जन्मला, कॅनडात वाढला आणि बापाच्या हाताखाली घड्याळे दुरुस्त करायला शिकला. घड्याळजीच्या हातून निघालेली वस्तू घड्याळासारखीच नाजूक निघाली म्हणायची.

लीचा बोल्ट आणि एन्फील्डची नळी मिळून १८९५ साली ली-एन्फील्ड झाली. पुढे ती आखूड केली, १९०७ साली तिचा ठरीव नमुना आला, आणि कलकत्त्याजवळ हुगळीकाठच्या इशापूरच्या कारखान्यात ती हजारोंनी होऊ लागली. नळीचे छिद्र इंचाच्या ०.३०३ एवढे, म्हणजे ७.७ मिलिमीटर, म्हणून नाव थ्री-नॉट-थ्री. दोन महायुद्धे तिने पाहिली. १९६२ साली चिन्यांपुढे उभे राहिलेले आपले जवान हीच रायफल घेऊन उभे होते, एकेक बार झाला की बोल्ट ओढीत. त्यानंतर सैन्याने आपोआप भरणारी रायफल घेतली आणि थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडे गेली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत अतिरेक्यांच्या एके-४७ पुढे आपल्या काही शिपायांच्या हाती ही शंभर वर्षांची म्हातारी होती, आणि काहींच्या हाती तर नुसती काठी. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभाने निरोप दिला.

मास्तरांच्या आजोबांनी तिला पाहिले असेल ते सरहद्दीवर. तिथे रायफलीला सोन्याचा भाव होता. पठाण टोळीवाले रात्री छावणीत सरपटत येऊन शिपायाच्या कुशीतली रायफल पळवीत, म्हणून शिपाई झोपताना ती साखळीने अंगाला बांधून घेत. आणि दुसरा उपाय म्हणजे बोल्ट काढून वेगळा ठेवणे. रायफल गेली तरी चोराच्या हाती काठीच लागावी. रायफली एका खोलीत, बोल्ट दुसऱ्या पेटीत, दोहोंच्या किल्ल्या वेगळ्या माणसांकडे, ही शिस्त अनेक शस्त्रागारांत आजही असते. असल्या वेगवेगळ्या ठेवणीचा फटका कसा बसतो ते चितगावच्या क्रांतिकारकांनी अनुभवले. १८ एप्रिल १९३० च्या रात्री सूर्य सेन यांच्या साथीदारांनी शस्त्रागार जिंकले, रायफली हाती आल्या, पण काडतुसे दुसरीकडे ठेवलेली होती, ती सापडलीच नाहीत. तिथे अडले ते काडतुसांवाचून, बोल्टवाचून नव्हे; पण हिशेब तोच.

निवृत्त फौजी घरी आला तरी सवयी घरी येतात. मास्तर लिहितात, आजोबा रायफल माडीवरच्या पेटीत ठेवीत आणि बोल्ट तेलाच्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या ट्रंकेत. घरात पोरे-बाळे, अगदी योग्यच केले. पुढे आजोबा गेले, दोन भावांच्या वाटण्या झाल्या. परवाना थोरल्याच्या नावावर, म्हणून रायफल थोरल्याकडे. धाकट्याने भांड्यांबरोबर ट्रंक नेली. वाटणीत विहिरीच्या पाण्यावरून शब्दाला शब्द वाढला आणि तीस वर्षे दोन घरांचे येणे-जाणे नाही. ‘बोल्ट धाकट्या काकांच्या ट्रंकेत असण्याचा संभव आहे, तथापि तो मार्ग बंद आहे’, असे मास्तर एका ओळीत लिहून पुढच्या ओळीत आम्हाला दुकानांचे पत्ते विचारतात.

दुकानांचे पाहू. प्रथम एक गोष्ट मास्तरांनी लिहिलेली नाही: परवान्यावर बोअर कोणते लिहिले आहे? जुन्या लष्करी धाटणीची रायफल म्हणजे थ्री-नॉट-थ्रीच असे नव्हे. इशापूरनेच नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल केली; दिसायला ती थ्री-नॉट-थ्रीची सख्खी बहीण, पण तिचे काडतूस वेगळे. शिवाय जुन्या थ्री-नॉट-थ्रींची नळी गुळगुळीत करून त्यांच्या .४१० च्या मस्केट केल्या गेल्या आणि पोलिसांना वाटल्या. तीन बहिणी एका चेहऱ्याच्या, आणि कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांची जात एक नव्हे. सैन्याचे काडतूस ज्या बंदुकीत चालते ती बंदूक आपल्याकडे ‘निषिद्ध बोअर’ ठरते. .३०३ त्यात येते. तिचा परवाना देणे जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नाही, ते दिल्लीला गृह मंत्रालयाकडे जाते. .३१५ चा अर्ज बुलढाण्याला जिल्हाधिकारी कचेरीत होतो. तेव्हा बोल्ट शोधायच्या आधी परवान्याचे पुस्तक उघडून तो एक आकडा वाचावा. निम्मे उत्तर तिथे आहे.

दुसरे, बोल्ट हा नुसता लोखंडाचा तुकडा नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे भागही बंदुकीतच धरले आहेत. परवान्याशिवाय घेतलेला बोल्ट म्हणजे परवान्याशिवाय घेतलेले शस्त्र. आणि ते निषिद्ध बोअरचे असले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षे आणि कमाल चौदा. सात वर्षे, मास्तर! एवढ्यात नातू शाळेतून कॉलेजात जातो. दुरुस्तीसाठीही साध्या लोहाराकडे जाता येत नाही. बंदुका दुरुस्त करणाऱ्याला स्वतंत्र परवाना लागतो. या बाबतीत देशोदेशीचे न्याय वेगळे आहेत. अमेरिकेत कायदा बोल्ट जिच्यात बसतो त्या चौकटीला बंदूक मानतो, म्हणून तिथे सुटा बोल्ट पत्राने मागवता येतो. इंग्लंडात तसे नाही. तिथे बोल्टलाही दाखला लागतो. आपण या बाबतीत इंग्लंडच्या बाजूचे. तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पार्सल पाठवले तर ते जकात खात्याच्या टेबलावर उघडेल आणि मामांना बोलावणे येईल.

कोणी सुचवील, ‘बोल्टच नसलेली रायफल म्हणजे मोडकी वस्तू, तिला परवाना कशाला?’ कायद्यात अशी सवलत आहे खरी. जुन्या घाटाची, पुराणवस्तू म्हणून मोलाची किंवा नादुरुस्त शस्त्रे त्यातून सुटतात, पण केव्हा? दुरुस्ती करून किंवा न करता, कसेही ते बंदूक म्हणून चालणे शक्य नसेल तेव्हा. बोल्ट घातला की जी चालते ती या सवलतीत कशी बसणार? म्हणून मास्तरांनी ती ठाण्यात जमा केली हे फार चांगले केले. परवानाधारक वारल्यावर शस्त्र विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते, आणि मुदतीत वारसाने हालचाल केली नाही तर ते सरकारजमा होऊ शकते. दोन वर्षे झाली आहेत. अर्जाला आता दिवाळी संपण्याची वाट पाहू नये. घरात आणखी बंदुका असतील तर तेही ध्यानात घ्यावे. २०१९ पासून एका माणसाला दोनच ठेवता येतात, आणि वारसाने आलेली त्या दोनांतच धरतात.

तिसरी वाट सातपुड्यातून जाते. डोंगरापलीकडून येणारी गावठी पिस्तुले घाटाखाली पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात, आणि अशा भागात ‘करून देतो’ म्हणणारा एखादा भेटतोच. त्याच्याकडे जाऊ नये हे कायद्याच्या भीतीने तर आहेच, पण पोलादाच्या भीतीने अधिक. सरहद्दीवर दर्रा आदमखेल नावाचे गाव या कलेसाठी जगभर नावाजलेले आहे. तिथले कारागीर ली-एन्फील्डची नक्कल अशी करीत की शिक्क्यासकट! फक्त इंग्रजी येत नसल्याने कधी अक्षर उलटे पडे, कधी व्हिक्टोरिया राणीचा मुकुट आणि खाली राणी वारल्यानंतरचे साल. राणी गेली १९०१ साली. तिच्या शिक्क्याच्या रायफली पुढे कितीतरी वर्षे निघत राहिल्या. हे वाचून हसू येते. पण ते बोल्ट पुष्कळदा आगगाडीच्या रुळांच्या नाही तर भंगाराच्या पोलादाचे असत, आणि डोळ्याला ते कळत नसे. आर्मोररने जे पोस्टकार्डाच्या जाडीचे माप राखायचे, ते कानशीने आणि अंदाजाने राखलेले. गावठी बोल्ट मुठीशी अगदी चांगला दिसेल, गुळगुळीत फिरेल. १८ टनांची परीक्षा झाल्याशिवाय त्याचा दर्जा कळत नाही, आणि परीक्षकाचा गाल दस्त्याला टेकलेला असतो.

राहिली सरळ वाट. परवानाधारक शस्त्र-विक्रेत्याकडे, ज्याच्याकडे दुरुस्तीचाही परवाना आहे त्याच्याकडे, लेखी विचारावे. .३१५ असेल तर आशा आहे, कारण ती नागरिकांची रायफल. मात्र बोल्ट मिळाला तरी रायफल आणि बोल्ट दोन्ही त्या कारागिराच्या हाती देऊन मापे लावून घ्यावीत, आणि त्याने ‘नाही’ म्हटले तर हुज्जत घालू नये. .३०३ असेल तर दुकानात बोल्ट मिळेल ही आशा सोडावी. पोलिसांच्या जुन्या रायफली निकालात निघतात, पण त्या जुन्या बाजारात येत नाहीत. इतके जवळ, मलकापूरहून भुसावळला जाताना वाटेत लागणाऱ्या वरणगावला १९६४ पासून काडतुसांचा सरकारी कारखाना आहे. पण कारखाना म्हणजे दुकान नव्हे, आणि तिथे बोल्ट होत नाहीत. इशापूरचा कारखाना २०२१ पासून सरकारी कंपनीत गेला आहे. जुन्या लष्करी रायफलीचा एक बोल्ट कोणा नागरिकाला पत्रावर पाठवणे हे त्याच्याही रीतीत नाही.

आणि रानडुकरांचे म्हणाल तर बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पिकाची नासाडी होत असली तरी मारण्याची परवानगी वन खात्याकडून घ्यावी लागते. शिवाय थ्री-नॉट-थ्रीची गोळी सेकंदाला २,४०० फुटांहून अधिक वेगाने निघते. ती मक्याच्या शेतात थांबत नाही. पलीकडच्या शेतात, त्याच्या पलीकडच्या वस्तीत जाते. सपाट घाटाखालच्या मुलखात रात्री असली रायफल चालवणे आम्हाला तरी पसंत नाही. नासाडीचा पंचनामा करून वन खात्याकडे भरपाईचा अर्ज करणे कंटाळवाणे आहे खरे, पण त्यात शेजाऱ्याच्या बैलाला काही होत नाही.

म्हणजे उरले काय? जगात एकच बोल्ट असा आहे की जो या रायफलीसाठी घासला गेला, तिच्या मापाने जुळवला गेला आणि जिचा क्रमांक मुठीवर घेऊन बसला आहे. तो विकत भेटत नाही. तो तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला एका ट्रंकेत असेल, तर काकांना त्याची किंमतही ठाऊक नसेल आणि धोकाही ठाऊक नसेल. कारण आज तो त्यांच्याकडे विनापरवाना आहे. उद्या काकांच्या पश्चात त्यांच्या मुलांनी ट्रंक आवरताना तो भंगारात घातला, किंवा कोणी तक्रार केली, तर म्हातारपणी त्या माणसाला कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतील. विहिरीच्या पाण्याचा राग कितीही खरा असो, एवढी शिक्षा त्याला साजेशी नाही. मास्तरांनी ‘तो मार्ग बंद आहे’ लिहिले आहे. आमच्या मते तोच एक उघडा आहे.

मात्र पायरीपायरीने जावे. बोल्ट सापडला म्हणून पिशवीत घालून एस.टी.ने खामगावला आणू नये. ज्याच्या नावे परवाना नाही त्याने तो घेऊन प्रवास करणे हाही गुन्हाच. आधी खामगावातल्या एखाद्या वकिलाला पावती आणि वडिलांचा परवाना दाखवावा. मग काकांच्या गावच्या ठाण्याला लेखी कळवावे की अमुक परवान्याच्या रायफलीचा भाग कौटुंबिक वाटणीत अनवधानाने इकडे आला असण्याचा संभव आहे, तो जमा करायचा आहे. काकांची सही त्या अर्जावर हवी, आणि ती सही घ्यायला स्वतः जावे लागेल. जमा झाल्यावर पावतीवर बोल्टच्या मुठीवरचा क्रमांक लिहून घ्यावा आणि रायफलीच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. जुळला तर अर्जात तसे नमूद करावे. पुढे वारसाचा परवाना मिळाला तरीही इतकी वर्षे पडून असलेला बोल्ट कारागिराने तपासल्याखेरीज आत काडतूस घालू नये. गंज पोलादाला आतून खातो. आणि परवाना नाहीच मिळाला तर रायफल आणि बोल्ट निदान एका ठिकाणी, एका पावतीवर असतील.

आणि एक. काकांकडे जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. चकली-अनारशांचा डबा न्यावा, पाया पडावे, काकूंची विचारपूस करावी. ट्रंकेचा विषय चहा झाल्यावर काढावा. विहिरीचा काढूच नये.